टिंबर मिस्त्रीचा डोंगा

उकंडाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खाणीत पहिली पाळी करताना लागलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. चारला उठायचं, तोंड धुवायचं, गुळाचा काळा चहा घ्यायचा, आणि उजेड फुटायच्या आत हातात हत्यार असायला हवं. त्या ऑक्टोबरात हातात रंदा होता. घरामागच्या अंगणात सागाच्या फळ्या रचल्या होत्या आणि उकंडा आयुष्यात पहिल्यांदा डोंगा, म्हणजे लाकडी नाव, बांधत होता. वय त्रेसष्ट. पोहता येत नव्हतं. डाव्या बाजूची एक बरगडी मोडलेली होती आणि वरचे दोन दात गेले होते. बरगडी आणि दात महिन्याभरापूर्वी जावयाने आणि त्याच्या भावांनी घालवले होते.

आधी खाणीचं सांगायला हवं. उकंडा राजूर भागातल्या एका भूमिगत खाणीत चौतीस वर्षं टिंबर मिस्त्री होता. कोळसा काढला की मागे पोकळी राहते आणि तिच्यावर दगडाचं छत. ते छत खाली येऊ नये म्हणून लाकडी थांब उभे करणं हे टिंबर मिस्त्रीचं काम. थांब उभा करायचा, त्याच्या डोक्यावर आडवी फळी टाकायची, फळी आणि छताच्या मध्ये पाचर घालायची आणि घणाने ती आवळायची. किती आवळायची? लाकूड कण्हेपर्यंत. उकंडा सतरा-अठरा घाव घालायचा. बाकीचे दहावर थांबायचे.

अशाच एका दहा घावांच्या थांबाखाली किसनसिंग नावाचा कामगार उभा होता. छत आलं. धूळ बसल्यावर किसनसिंगचे फक्त बूट दिसत होते. उकंडाने आणि ड्रिल चालवणाऱ्या पूनमसिंगने बूट धरून ओढलं. पाय आले. बाकीचा माणूस काढायला पुढची सगळी पाळी गेली. त्या दिवसानंतर उकंडाने ढिलं काम कधी केलं नाही आणि दुसऱ्याचंही कधी खपवून घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे बँकेत टाकून, कंपनीचं क्वार्टर सोडून तो आणि इंदूबाई वर्धा नदीच्या काठी आपल्या मूळ गावी आले. समोरच्या काठावर, पलीकडच्या जिल्ह्यात, त्यांच्या एकुलत्या पोरीचं, मोनालीचं सासर. स्थळ आलं होतं तेव्हा इंदूबाई म्हणाली होती, "काठावर उभं राह्यलं की पोरगी दिसन." पोरगी दिसत होती. सासरच्यांचं कापसाचं वावर थेट पाण्यापर्यंत उतरलेलं होतं. मोनाली सकाळी सातला तिथे यायची. पहिल्या वर्षी ती हात हलवायची. दुसऱ्या वर्षी हलवेनाशी झाली. तिसऱ्या वर्षी तिची चाल बदललेली दिसली. एक पाय ती टेकत टेकत टाकायची.

तिचा नवरा रोशन दारू पीत नव्हता. शुद्धीत मारायचा. पट्ट्याने, लाथेने, एकदा तापल्या तव्याने. कारण रोज नवं. भाजीत मीठ जास्त, पाणी आणायला उशीर, माहेरी फोन कायले लावला. घरात रेतीचा धंदा होता, दोन ट्रॅक्टर, दोन थोरले भाऊ आणि हाताखाली दहाबारा माणसं. घाटावरचा येण्याजाण्याचा डोंगाही त्यांचाच. त्यामुळे मोनालीला पाण्यावरून आणणारं कुणी नव्हतं.

उकंडा सडकेने गेला. पूल बावीस किलोमीटर खाली. पूल ओलांडून पलीकडच्या काठाने परत वर यायचं, तर गावाच्या तोंडाशीच रोशनचं घर आणि रेतीचे ढीग. तो मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, "पोरीले न्यायले आलो. आठ दिवस ठेवतो, मंग पाहू."

रोशन हसला. "मामा, ते माह्या घरची हाये. तुमची राह्यली नाई."

"माह्या घरी तिच्या आंगावर कधी हात नाई पडला."

"म्हणूनच तर शिकली नाई," रोशन म्हणाला, आणि रेतीच्या फावड्याचा दांडा उकंडाच्या तोंडावर आला. दात तिथेच गेले. खाली पडल्यावर दोघा भावांनी लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज उकंडाला बाहेरून नाही, आतून ऐकू आला. मोनाली दारात होती. सासूने तिचे केस मुठीत धरले होते. ती ओरडली नाही, कारण ओरडलं की मूठ आवळली जाई.

ठाण्यात उकंडाने रक्ताचा सदरा दाखवला. साहेबाने पाणी दिलं, दोन्ही घरच्यांना बोलावून समजुतीने मिटवा म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. त्या कागदाचं पुढे काही झालं नाही. मोनालीचा फोन मात्र त्याच संध्याकाळी चुलीत गेला.

हे कळलं बेबीताईकडून. बेबीताई पलीकडच्या गावची, मोनालीबरोबर कापूस वेचायला असलेली मजूर बाई. तिच्याकडे फोन होता. पंधरा दिवसांनी तिनेच इंदूबाईला फोन केला.

"इंदूबाई, पोरीले घिऊन जा. काल तिले विहिरीत धरून ठेवलं. पायाले दोर बांधून, डोकं खाली. हासत होते मेले."

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की घिऊन येऊ. गुडघ्याइतकं होते," इंदूबाई रडत म्हणाली.

"उन्हाळ्यापर्यंत नाई राहत ते," बेबीताई म्हणाली.

उकंडा शेजारी बसून ऐकत होता. उठला आणि नानाजी ढिवराकडे गेला. नानाजी सत्तरीचा, गावातला जुना मासे पकडणारा. त्याच्याकडे स्वतःचा डोंगा होता.

"नानाजी, डोंगा दे. एक सकाळ. फक्त एक."

नानाजीने जाळं विणायचं थांबवलं नाही. "मागच्या साली वरच्या गावच्या पोट्ट्यानं त्यायच्या इरोधात एक माणूस पलीकडून आणला. त्याचा डोंगा जाळला. त्याचे हात डोंग्यावर ठेवून जाळला. माह्या घरात तीन तोंडं खायले हायेत, उकंडा."

"मंग बांधून दे."

"बांधला म्हणजे दिल्यासारखंच झालं."

उकंडा घरी परतला. दुसऱ्या दिवशी आरा मशीनवर जाऊन त्याने सागाच्या सुकलेल्या फळ्या आणल्या आणि राजूरला पूनमसिंगला फोन केला. पूनमसिंग तांड्यावरचा, उंच, हाडापेराने मोठा, तोंडाने त्याहून मोठा. दुपारी दुचाकीवर आला. हकीकत ऐकून त्याने अंगणात थुंकलं आणि सदरा काढला.

डोंगा नऊ हात लांब आणि अडीच हात रुंद धरला. सपाट तळाचा, पेटीसारखा. गोल बुडाचा बांधायला सरावाचा हात लागतो, तो उकंडाकडे नव्हता, हे त्याला माहीत होतं. एका फळीला दोन्ही बाजूंनी रंदा मारायला दीड तास. कड सरळ करायला आणखी एक. चौदा फळ्या. तळाला बाभळीच्या आडव्या पट्ट्या, बोटाएवढे जाड खिळे. बाभूळ कोरडी असली की खिळा वाकवते, म्हणून प्रत्येक खिळ्याआधी भोक. भोकं पूनमसिंगने पाडली. घण उचलला की उकंडाची बरगडी आत टोचायची. तो श्वास धरून मारायचा आणि घाव पडल्यावर सोडायचा. दिवसाला दोनशे घाव. त्यापेक्षा जास्त झाले की थुंकीत रक्त यायचं.

फळ्या जोडताना उकंडाने खाणीतलीच पद्धत धरली. दोन्ही कडांना खुंट ठोकले, मध्ये पाचरी घातल्या आणि फळीला फळी आवळत नेली. लाकूड कण्हेपर्यंत. मग खिळे.

पूनमसिंगने फटीवरून बोट फिरवलं. फट लागली नाही.

"उकंड्या, डोंगा बनवून राह्यला का कपाट? आत साड्या ठेवाच्या हायेत का वहिनीच्या?"

"सुई घालून दाखव."

"सुई नाई घुसत बावा. हवा नाई घुसत. पाण्याची काय बिशाद!"

नानाजी रोज सकाळी कुंपणाबाहेरून जायचा. थांबायचा, फळ्यांकडे पाहायचा, तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात करायचा आणि निघून जायचा.

"त्याले इचार ना एकदा," पूनमसिंग म्हणाला. "जन्म डोंग्यात गेला म्हाताऱ्याचा."

"डोंगा मांगतला तर दिला नाई त्यानं. आता त्याले इचारू? चौतीस वर्ष लाकूडच उभं केलं मी."

सतराव्या दिवशी डोंगा तयार झाला. मंगळवारी सकाळी दोघांनी तो ओंडक्यांवरून ढकलत नदीच्या वळणात नेला, जिथून पलीकडचा घाट दिसत नाही. पाण्यात सोडला. एक थेंब आत आला नाही. पूनमसिंग आत उभा राहून नाचला. डोंगा तिथेच बांधून ठेवला आणि इंदूबाईने बेबीताईला निरोप दिला: उद्या सातला मोनालीने पाण्याजवळच्या ओळीला लागावं.

बुधवारी पावणेसातला ते निघाले. तळ किंचित वर आल्यासारखा वाटला. उकंडाने पाय दाबून पाहिला आणि वल्हं हातात घेतलं. धार ओढ घेत होती. दोघेही नवशिके. चार वल्ही पुढे जायचे, एक वल्हं मागे यायचे. अर्ध्या नदीत आल्यावर समोरच्या काठावर निळं लुगडं दिसलं. मोनाली. काखेत एक गाठोडं.

तेवढ्यात लाकूड कडकडलं.

खाणीत छत यायच्या आधी थांब असाच कडकडतो. तो आवाज आला की माणसाने वर पाहायचं आणि पळायचं. चौतीस वर्षं अंगात मुरलेलं ते. उकंडाने वल्हं टाकलं आणि वर पाहिलं. वर आभाळ होतं.

खाली तळ उखडत होता. रात्रभर पाणी पिऊन फळ्या फुगल्या होत्या आणि फुगायला त्यांना सुईएवढीही जागा नव्हती. मधली फळी कमान होऊन वर आली, बोटाएवढे खिळे बाभळीतून सुटले आणि फळी उसळून पूनमसिंगच्या नडगीवर बसली. कातडं हाडापर्यंत फाटलं. "अरे याडी!" एवढंच तो आईच्या नावाने ओरडला. मग त्याच्या तोंडात नदी गेली.

उकंडाने एक फळी धरली आणि दुसऱ्या हाताने पूनमसिंगचा पट्टा. पूनमसिंग भीतीने त्याच्यावर चढत होता. प्रत्येक वेळी तो चढला की उकंडा खाली जायचा. तिसऱ्यांदा वर आल्यावर उकंडाने त्याच्या कानशिलावर मुठीने मारलं, होता नव्हता तेवढा जोर लावून, तेव्हा तो सैल झाला. धारेने त्यांना अर्धा मैल खाली नेलं. नानाजीने आपला डोंगा काढला नसता तर दोघेही गेले असते. त्याने बांबू पुढे केला, एकेकाला मासा काढावा तसं आत घेतलं आणि या काठावर आणून वाळूत टाकलं.

पलीकडच्या काठाने रोशन धारेबरोबर पळत आला होता. हसत होता. मग त्याने मागे पाहिलं. त्याच्या मागे मोनाली धावत आली होती, बाप बुडाला की वाचला ते पाहायला. गाठोडं अजून काखेतच होतं. रोशनने गाठोड्याकडे पाहिलं. हातात फावडं होतं. त्याने ते उलटं धरलं आणि दांडा फिरवला.

नदी तिथे रुंद. मोनाली खाली पडलेली उकंडाला आधी दिसली. फटक्याचा आवाज मागून आला.

तो पाण्याकडे धावला. नानाजीने त्याला मागून धरून खाली पाडलं आणि छातीवर बसला. मोडलेल्या बरगडीवर. उकंडा तोंडातली वाळू थुंकत ओरडत होता. समोर रोशन मोनालीला एका हाताला धरून वावरातून ओढत नेत होता.

उकंडाचं ओरडणं थकल्यावर नानाजी बोलला. "फळीले फळी दाबून मारली तू. लाकूड पाणी पेते. फुगायले जागा लागते त्याले."

"रोज पाहून जात होता. सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं काहून नाई?"

 नानाजी त्याच्या छातीवरून उठला. अंगावरची वाळू झटकत म्हणाला, "माह्यावाली चूक मोठी हाये. पन फळ्या गोळा कर. धार लय दूर नाई नेत सागाले."

संध्याकाळी बेबीताईचा फोन आला. जबडा मोडला होता. दवाखान्यात नेलं नाही. हळद लावून फडक्याने डोक्याला बांधला. तोंड उघडत नाही, कांजी पाजतात. तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा वेचणीला पाठवलं, कारण कापूस फुटला होता आणि बाया मिळत नव्हत्या. रोशन आता स्वतः वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसत होता.

उकंडाने दुसरा डोंगा अकरा दिवसांत बांधला. नऊ फळ्या धारेत सापडल्या, पाच नव्या घेतल्या. नानाजी आता कुंपणाच्या आत येत होता, तेही उजेडी, सगळ्यांसमोर. हात लावत नव्हता. फक्त सांगायचा.

"ज्वारीच्या दान्याएवढी फट सोड. दोन फळ्यायच्या मधात दाना ठेव, मंग खिळा मार, मंग दाना काढ."

प्रत्येक खिळ्याला उकंडाचा हात आवळायला जायचा आणि त्याला तो आवरावा लागायचा. आवळण्यापेक्षा हे जास्त दमवणारं होतं. अठरा घावांचा माणूस सहाव्या घावाला थांबत होता आणि घामाने भिजत होता. इंदूबाईने गादी फाडून कापूस दिला. त्याचा पीळ करायचा, डांबरात बुडवायचा आणि बोथट छिन्नीने फटीत ठासायचा. एका हातभर फटीला पाऊण तास. डांबराने तिघांचीही बोटं सोलली. इंदूबाई रडत नव्हती. ती पीळ वळताना मोनालीच्या सासूला एकामागून एक शिव्या घालत होती, आणि पीळ घट्ट येत होता.

पूनमसिंग नडगीला चौदा टाके घालून परत आला.

"तू राहू दे," उकंडा म्हणाला. "तुले पोहणं येत नाई."

"येते आता. परवाच शिकलो, बुडता बुडता. मास्तर लय मारकुटा होता पन." त्याने सुजलेला कान दाखवला.

डोंगा तयार झाल्यावर नानाजीने तो नाल्याच्या डोहात दगड भरून दोन दिवस बुडवून ठेवायला लावला. बाहेर काढला तेव्हा फटी नाहीशा झाल्या होत्या. तळ सरळ होता.

सोमवारी सातला ते पलीकडच्या काठाला लागले. निरोप बेबीताईकडून गेला होता, पण सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. मोनाली तिसऱ्या ओळीत होती, पाण्यापासून साठ पावलांवर, आणि रोशन तिच्यापासून वीस पावलांवर. डोंगा दिसताच तो उठला. मोनाली धावली. फडक्याने बांधलेलं तोंड, एक पाय ओढत. रोशनने तिला पाण्यापासून दहा पावलांवर गाठलं आणि वेणी धरून मागे पाडलं.

उकंडा उतरला. हातात खाणीतला घण होता, निवृत्तीच्या दिवशी न सांगता घरी आणलेला.

"सोड तिले."

"ये म्हाताऱ्या, ये," रोशन म्हणाला. "आज दुसरी बाजू मोडतो तुही." त्याने वेणी सोडली नाही. दुसऱ्या हाताने विळा उचलला.

थांब पाडायचा असला की त्याच्या डोक्यावर मारत नाहीत. बुडाशी मारतात. उकंडा खाली वाकला. विळा त्याच्या खांद्यावरून गेला, सदरा फाटला, मांस उघडं पडलं. त्याच वाकण्यात घण फिरला आणि रोशनच्या गुडघ्याच्या बाजूला बसला. एकच घाव. गुडघा उलट्या बाजूला वळला. रोशन पडला तसा वेणीवरचा हात सुटला. तो किंचाळत होता आणि किंचाळतानाही विळा मारत होता. मोनालीने जमिनीवरूनच त्याच्या मनगटावर टाच मारली. मग पुन्हा मारली. विळा सुटल्यावरही ती मारत राहिली. उकंडाला तिला उचलून ओढावं लागलं.

वावराच्या वरच्या अंगाने दोघे भाऊ आणि माणसं येत होती. पूनमसिंग घाटावर होता. तिथे रोशनच्या घरचा डोंगा बांधलेला. पूनमसिंगच्या हातात पहार होती.

"अरे चाल!" उकंडा ओरडला.

"थांब! तीस वर्ष भोकंच पाडले मी, एक आनखी पाडू दे!" पहार तीनदा उठली आणि तीनदा तळात गेली. मग तो लंगडत पाण्यातून आला आणि आपल्या डोंग्यात कोसळला.

त्यांनी वल्ही मारली. काठावरून दगड सुरू झाले. पहिला पाण्यात पडला. दुसऱ्याने पूनमसिंगच्या भुवईवर खोक पाडली. तिसरा उकंडाच्या पाठीत, बरगडीच्या जागेवर बसला आणि त्याला थोडा वेळ श्वासच घेता आला नाही. त्या वेळात मोनालीने त्याच्या हातातून वल्हं घेतलं. लहानपणच्या सुट्ट्या याच नदीवर गेलेल्या, तिला येत होतं. बांधलेल्या तोंडातून ती घशात आवाज काढत होती, प्रत्येक वल्ह्याला एक. तळात बापाचं आणि पूनमसिंगचं रक्त पाण्यात मिसळून इकडून तिकडे जात होतं. फटीतून थोडं पाणी येत होतं. डोंगा धरून होता.

या काठावर इंदूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने मोनालीचं तोंड हातात घ्यायला हात पुढे केले आणि कुठे धरावं ते न कळून मागे घेतले.

पुढचं थोडक्यात. रोशनच्या भावांनी तक्रार दिली आणि उकंडा सहा दिवस कोठडीत होता. या वेळी मोनालीचीही तक्रार लिहून घ्यावी लागली, कारण जबड्याचा एक्स-रे होता. ती बोलू शकत नव्हती. तिने तीन वर्षं कागदावर लिहिली, तारखांसकट, नऊ पानं. रोशन काठी घेऊन चालतो आणि तुरुंगात आहे. खटला दोन्हीकडून चालू आहे. डोंगा मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात नेला. तो उन्हात पडून सुकला आणि त्याच्या फटी उघडल्या. उकंडाने तो परत मागितलेला नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मोनालीला नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हाड वाकडं धरायला लागलंय. पुन्हा मोडावं लागेल आणि मग बसवावं लागेल. इंदूबाई हे ऐकून भिंतीला टेकली. मोनालीने मान हलवली: मोडा. उकंडाने तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

ऑपरेशनला साडेचार तास लागले, हाडावर धातूच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. दीड महिना दात तारेने बांधलेले होते. इंदूबाई नळीने डाळीचं पाणी द्यायची. तार काढली त्या दिवशी मोनाली पहिलं वाक्य बोलली ते वडिलांना नाही, आईलाही नाही. दाराशी उभ्या असलेल्या पूनमसिंगला म्हणाली, "काका, तुमाले वल्हं मारता येत नाई."

"पोट्टी बरी झाली," पूनमसिंग म्हणाला आणि बाहेर जाऊन तोंड फिरवून उभा राहिला.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला. काळ्या कागदावर जबड्याची करडी कमान, आणि तिच्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि आठ बारीक टोकं.

इंदूबाईने जवळ जाऊन पाहिलं. "हे पांढरं पांढरं काय हाये जी?"

"माहा फंड," उकंडा म्हणाला.